नकाराचे प्रशिक्षण कोण देणार?

संसदेच्या बहुतेक अधिवेशनांत गृहमंत्रालयाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. पोलीस कोठडीत किती जणांचा मृत्यू झाला, त्याचे राज्यवार आकडे काय आणि सरकारने कोणते उपाय योजले, असा तो प्रश्न. उत्तरही ठरलेले असते. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यसभेत दिलेल्या उत्तरानुसार, मार्च २०२२ अखेर संपलेल्या पाच वर्षांत पोलीस कोठडीतील मृत्यूंची ६६९ प्रकरणे देशभरात नोंदली गेली. गुजरात ८० प्रकरणांसह पहिला आणि महाराष्ट्र ७६ प्रकरणांसह दुसरा होता. यातील प्रत्येक मृत्यू मारहाणीनेच झाला, असा निष्कर्ष कोणी काढू नये; आजारपण आणि आत्महत्या यांचाही त्यात समावेश असतो. परंतु माणूस शासनाच्या ताब्यात असताना गेला, ही वस्तुस्थिती त्यामुळे सौम्य होत नाही. अशा उत्तरांत एक वाक्य ठेवणीतले असते: पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचे विषय आहेत. एवढे सांगून मंत्री खाली बसतात आणि सभागृह पुढच्या प्रश्नाकडे वळते.

या प्रश्नोत्तरांत एक बाब कधीच येत नाही. ज्या रात्री ठाण्यात काही विपरीत घडते, त्या रात्री तेथे एखादा नुकताच भरती झालेला शिपाईही कामावर असतो. प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडून त्याला वर्षही झालेले नसते. त्याला काय शिकविले गेले होते? आणि समोर जे चालले आहे ते कायद्याविरुद्ध आहे, असे त्याला कळत असेल, तर ते बोलून दाखविण्याची सोय या व्यवस्थेने त्याच्यासाठी ठेवली आहे काय? नव्या पोलिसाच्या मूलभूत ज्ञानाची आणि नीतीची चर्चा या दोन प्रश्नांपाशी सुरू व्हायला हवी.

कायद्याने वाढविलेली जबाबदारी

ही चर्चा आज करण्याचे कारण आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. डिसेंबर २०२३ मध्ये ही विधेयके संमत झाली, तेव्हा दोन्ही सभागृहांतील विरोधी बाके बरीचशी ओस पडली होती. त्या एका अधिवेशनात १४६ सदस्यांचे निलंबन झाले होते. पोलिसांचे अधिकार ठरविणाऱ्या एवढ्या मोठ्या कायद्यांवर कलमवार वाद झाला असता, तर अंमलबजावणी करणाऱ्यालाही त्यामागची भूमिका समजायला मदत झाली असती. ती संधी संसदेने गमावली. आता त्या कलमांचा अर्थ लावण्याचे काम ठाण्यातल्या सर्वांत कनिष्ठ माणसापर्यंत येऊन पोहोचले आहे.

तक्रारीचेच पाहा. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र असल्यास तो नोंदवून घेणे आता संहितेच्या १७३ व्या कलमाने बंधनकारक आहे. गावाकडच्या घरावर कोणी कब्जा केल्याची फिर्याद दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने दिल्लीच्याच ठाण्यात दिली आणि त्यातून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर 'ही आमची हद्द नव्हे' असे म्हणून त्याला परत पाठविता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. याच कलमात एक मोकळी जागाही आहे. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. दखलपात्र गुन्ह्याची नोंद टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले होते. चौदा दिवसांची ही सवलत तपासासाठी वापरायची की फिर्यादीला दमविण्यासाठी, हे कलम सांगत नाही. ते ठाण्यातील माणसाच्या वृत्तीवर अवलंबून राहते.

अटकेचेही तसेच आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नसते. अटक का आवश्यक आहे याची कारणे लेखी नोंदवायची असतात, अन्यथा नोटीस देऊन हजर राहण्यास सांगायचे असते. २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने हा दंडक घट्ट केला आणि नव्या संहितेच्या ३५ व्या कलमात तो आहे. अटक केलीच, तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळविणे, साक्षीदाराच्या सहीने अटकेचा पंचनामा करणे, वकिलाला भेटू देणे आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे या पायऱ्या आहेत. यातील बहुतेक गोष्टी डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून देशाला ठाऊक आहेत. चोवीस तासांची मर्यादा तर राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे. महिलांना, पंधरा वर्षांखालील मुलांना आणि साठीपुढच्या वृद्धांना चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनीच त्यांच्या घरी जायचे असते. झडतीचे चित्रीकरण करायचे असते. बेडी कोणाला घालता येते, हे ४३ व्या कलमाने ठरवून दिले आहे. पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पूर्वी सुरुवातीलाच संपत. आता ते गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या चाळीस वा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. अधिकार वाढला आहे, आणि तो वापरणाऱ्याचे भानही त्याच मापाने वाढायला हवे होते.

नव्या पोलिसाच्या मूलभूत ज्ञानाचा गाभा एका ओळीत सांगता येईल: आपला अधिकार कोठे सुरू होतो याहून तो कोठे संपतो हे त्याला पक्के ठाऊक असले पाहिजे. कलमे परीक्षेपुरती पाठ करता येतात. मध्यरात्री संतापलेल्या जमावासमोर किंवा वरिष्ठांच्या दूरध्वनीनंतर ती आठवणे ही वेगळी कसोटी आहे.

'पोलिसी खाक्या' येतो कोठून?

प्रशिक्षण केंद्रात शिकलेला कायदा ठाण्यात आल्यावर का विरतो? 'आपले पोलीस मुळातच तसे' हे बैठकीतले सोपे उत्तर आहे, आणि ते अन्यायकारकही आहे. खरे कारण तपासाच्या रचनेत सापडते.

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि नव्या साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमातही आहे. परंतु आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढा भाग पुराव्यात येतो. लपविलेले दागिने किंवा हत्यार आरोपीच्या तोंडून 'काढून घेणे' हा त्यामुळे तपासाचा सर्वांत जवळचा रस्ता होऊन बसतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि वर्तमानपत्रे, पुढारी व वरिष्ठ यांना उलगडा आजच हवा असतो. अशा वेळी कोणीतरी म्हणतो, 'खाक्या दाखवा, पोपटासारखा बोलेल.' नवा शिपाई ते ऐकतो, पाहतो आणि काम असेच चालते हे शिकतो. प्रशिक्षण केंद्रात काही महिन्यांत जे कमावले, ते पहिल्या काही रात्रींत गळून पडते. सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे नव्या संहितेने आवश्यक केले आहे. ते खरोखर घडले, तर या जवळच्या रस्त्याची गरज कमी होईल. त्यासाठी प्रयोगशाळा, माणसे आणि पैसा लागेल, आणि तो अर्थसंकल्पात दिसावा लागेल.

दुसरे कारण प्रशिक्षणाच्या प्रतिष्ठेचे. पोलीस दलात प्रशिक्षण केंद्रातील नेमणूक बहुधा 'साइड पोस्टिंग' समजली जाते. ठाण्यातून दूर सारलेल्या अधिकाऱ्याने नव्या मुलांपुढे उभे राहून नोकरीचा आदर्श सांगायचा, अशी ही विसंगती. यावर पहिला व्यवस्थित विचार एका मराठी समाजशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली झाला होता, याचे आज फारसे कोणाला स्मरण नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९७१ मध्ये पोलीस प्रशिक्षण समिती नेमली आणि १९७३ मध्ये तिचा अहवाल आला. कवायत आणि शस्त्रसराव यांच्याबरोबरीने समाजाची जाण आणि योग्य वृत्ती घडविणे हे प्रशिक्षणाचे उद्दिष्ट असावे, हा तिचा रोख होता. पन्नास वर्षे उलटून गेली तरी शिपायाच्या प्रशिक्षणाची बाहेरच्या माणसाला दिसणारी ओळख संचलनाचे मैदान हीच राहिली आहे.

परीक्षा अधिकाऱ्याची, प्रसंग शिपायाचा

राजेंद्रनगर आणि मुखर्जीनगरच्या खोल्यांतून लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी मुलांना नीतिशास्त्राचा २५० गुणांचा प्रश्नपत्रिका-संच चांगला परिचित आहे. २०१३ पासून तो मुख्य परीक्षेत आहे. वरिष्ठांनी बेकायदा आदेश दिला तर तुम्ही काय कराल, अशा धर्तीचे प्रसंग त्यात सोडवायचे असतात. त्यातून उत्तीर्ण होऊन काही जण हैदराबादच्या राष्ट्रीय पोलीस अकादमीत जातात. व्यवस्था म्हणून हे चांगलेच आहे. पण पोलीस दलातील चार-पंचमांशाहून अधिक माणसे शिपाई आणि हवालदार असतात. नागरिकाची पहिली गाठ त्यांच्याशीच पडते, आणि नीतीचा प्रसंग कागदाऐवजी कोठडीच्या दारात त्यांच्यासमोर उभा राहतो. ज्याने हा प्रश्न सोडविण्याची सवय करायला हवी, त्याच्यासाठी मात्र तो बहुधा एखाद्या व्याख्यानापुरता उरतो.

केंद्रीय गृहमंत्रालयाने १९८५ मध्ये राज्यांना पाठविलेली पोलिसांची आचारसंहिता वाचली, तर तिच्यात उणीव काढणे कठीण जाते. राज्यघटनेवर निष्ठा, नागरिकांच्या हक्कांचा आदर, आणि पोलिसांनी न्यायाधीशाची भूमिका घेऊन सूड उगवू नये हे सारे तिच्यात आहे. नीती कागदावर आहे. ती अडते आज्ञेपाशी. गणवेशधारी दलात आज्ञापालन हा सर्वांत आधी अंगी बाणविला जाणारा गुण असतो आणि तो आवश्यकही आहे. परंतु १८६१ च्या ज्या पोलीस कायद्याला आपण वसाहतवादी म्हणून नावे ठेवतो, त्याच्या २३ व्या कलमानेसुद्धा पोलिसावर केवळ कायदेशीररीत्या दिलेले आदेश पाळण्याचे बंधन घातले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही, ज्याला आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, हाच दंडक आहे. 'कायदेशीररीत्या' हा शब्द प्रशिक्षणात मोठ्याने उच्चारला जात नाही, एवढेच.

त्या शब्दाची किंमत मुंबईने पाहिली आहे. २००६ मधील एका बनावट चकमकीच्या प्रकरणात आरोपी पोलिसांचा जामीन सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये नाकारला, तेव्हा 'वरिष्ठांचा आदेश होता' हा बचाव पोलिसांना वाचवू शकत नाही, असे न्यूरेंबर्गच्या खटल्याचा दाखला देऊन बजावले. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील बहुतेक पोलिसांची जन्मठेप कायम ठेवली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत कोठडीत तरुणाचा मृत्यू झाला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा आरोप झाला. त्यात उपनिरीक्षकाबरोबर त्याच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांनाही अटक झाली. न्यायालयात शेवटी प्रत्येक जण आपापल्या कृत्यासाठी एकटाच उभा असतो. भारतीय न्याय संहितेच्या १२० व्या कलमात कबुलीसाठी केलेल्या मारहाणीला सात वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत असल्यास दहा वर्षांपर्यंत कैद आहे. त्या कलमाखाली दिलेल्या पहिल्याच उदाहरणातला आरोपी पोलीस अधिकारी आहे. जुन्या दंडविधानातही तो होता. प्रत्येक नव्या शिपायाला पहिल्या दिवशी हे उदाहरण वाचून दाखवावे.

आणि जो 'नाही' म्हणतो, त्याचे काय होते? तमिळनाडूतील साथानकुलम येथे जून २०२० मध्ये टाळेबंदीत दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पिता-पुत्राला ठाण्यात नेण्यात आले आणि काही दिवसांत दोघांचाही मृत्यू झाला. चौकशीसाठी गेलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना ठाण्यात असहकार्य मिळाले. कॅमेऱ्याचे चित्रण साठविण्याची सोय असूनही ते रोज आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था आढळली. त्या ठाण्यात जे घडले ते सांगायला एक महिला हेड कॉन्स्टेबल पुढे आली. साक्ष देताना ती भयभीत होती, असे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात नमूद झाले. तिच्या संरक्षणासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने नऊ पोलिसांवर आरोपपत्र ठेवले. या प्रकरणाची दाहकता अनेकांना आठवते. मला त्या हेड कॉन्स्टेबलचे भय अधिक बोलके वाटते. पोलीस ठाण्यात, गणवेशात असलेल्या पोलिसाला, सत्य सांगताना पोलिसांचीच भीती वाटत होती.

संसदेच्या हाती काय आहे?

दिल्लीत सेवा बजावणारे मराठी अधिकारी या मुद्द्यावर एक आक्षेप घेतात आणि तो गंभीरपणे ऐकला पाहिजे. प्रत्येक शिपाई आदेशाची कायदेशीरता तपासू लागला, तर दंगलीच्या वेळी दल उभे कसे राहील? शिवाय ज्याची ड्यूटी बारा-बारा तास लांबते, ज्याला सण आणि सुट्टी ठाऊक नाही आणि ज्याची बदली एका दूरध्वनीवर होते, त्याच्याकडून नैतिक धैर्याची अपेक्षा करणे हा वातानुकूलित खोलीतला विचार नव्हे काय?

आक्षेपाचा दुसरा भाग मान्य करावाच लागेल. नीती ही सोयीसुविधांचा पर्याय होऊ शकत नाही. पहिल्या भागाचे उत्तर मात्र सोपे आहे. दंगलीतला आदेश उघडपणे, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावावर दिला जातो आणि त्याची नोंद होते. बेकायदा आदेश कधीच कागदावर येत नाही. तो 'जरा बघून घे' एवढ्या तीन शब्दांत येतो. म्हणून शिपायाला वाद घालण्याचा नव्हे, तर आदेश लेखी मागण्याचा आणि तो ठाण्याच्या दैनंदिनीत नोंदविण्याचा हक्क द्यावा. तशी नोंद केल्याबद्दल बदली वा शिक्षा झाली, तर ती तपासण्याची यंत्रणा ठाण्याबाहेर असावी. नोंद होणार हे कळले की अनेक आदेश दिलेच जाणार नाहीत.

अशा यंत्रणेचा आराखडा नव्याने शोधायला नको. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाशसिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे, बदल्यांसाठी आस्थापना मंडळे आणि ठाणेदारासह महत्त्वाच्या पदांसाठी किमान दोन वर्षांचा कार्यकाळ सांगितला होता. अनेक राज्यांनी कायदे केले, पण त्यांतील दात काढून घेतले. महाराष्ट्रातही २०१४ च्या दुरुस्तीने तक्रार प्राधिकरण आले. बदल्यांचा बाजार थांबला, असे मात्र कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही.

राहिला केंद्राचा मुद्दा. पोलीस हा राज्यांचा विषय असला, तरी फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, आणि त्याच बळावर संसदेने २०२३ मध्ये तीन संहिता संमत केल्या. म्हणजे कोठडीतील छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा करायला संसदेला कोणी अडविलेले नाही. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली. त्याला मान्यता देण्यासाठी आणलेले छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेने मे २०१० मध्ये संमत केले. ते तोकडे होते. तक्रारीला सहा महिन्यांची मुदत आणि खटल्याला सरकारी पूर्वपरवानगी अशा अटी त्यात होत्या. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे सोपविले, समितीने त्याच वर्षी डिसेंबरात अधिक भक्कम मसुदा सुचविला, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित होताच विधेयक बाद झाले. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात पुन्हा मसुदा दिला. कायदा करण्याचा आदेश आम्ही संसदेला देऊ शकत नाही, असे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ते बरोबरच होते. त्यामुळे जबाबदारी पूर्णपणे संसदेची ठरते, आणि ती कोणत्याही एका पक्षापुरती नाही. २०१० नंतर दोन्ही आघाड्यांनी सत्ता उपभोगली आहे.

राज्यांचा विषय ही सबब दिल्लीत तर लागूच होत नाही. दिल्ली पोलीस थेट केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत आहेत. नव्या शिपायाच्या पहिल्या वर्षासाठी अनुभवी आणि निष्कलंक मार्गदर्शक नेमणे, लेखी आदेशाचा हक्क देणे, प्रशिक्षकाच्या नेमणुकीला ठाणेदाराच्या बरोबरीचा मान देणे हे प्रयोग केंद्राला उद्याच येथे करता येतील. ठाण्यांतील कॅमेऱ्यांबाबत २०२० मध्ये दिलेल्या आदेशाचे काय झाले, हे पाहण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. यंत्र बसविता येते आणि बंदही ठेवता येते. त्यामागे उभ्या असलेल्या माणसाला मात्र घडवावेच लागते.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे: सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. त्यातील पहिला शब्द रक्षणाचा आहे, निग्रहाचा त्यानंतर येतो. कोठडीच्या दारात उभ्या असलेल्या नव्या शिपायाला हा क्रम आठवावा, आणि आठवल्यावर तो बोलू शकावा, एवढी व्यवस्था करणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. पुढच्या अधिवेशनात कोठडीमृत्यूंचा आकडा पुन्हा विचारला जाईल. एखाद्या सदस्याने त्याबरोबर एवढेही विचारावे: गेल्या वर्षभरात देशातील किती पोलिसांनी बेकायदा आदेशाला नकार दिला, आणि त्यांपैकी किती जण आज त्याच ठाण्यात, त्याच पदावर सुखरूप आहेत?